सतरा शेकेलांचे शेत



सुवर्णमहोत्सवी वर्षात व्याख्यात्याने मंडळाच्या गेल्या पन्नास वर्षांचा गौरव करावा, असा शिरस्ता आहे. तो गौरव या व्यासपीठावरून आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मला बोलायचे आहे ते पुढच्या वर्षाविषयी. उत्सवाचा मांडव उतरला की सर्वसाधारण सभा येईल आणि नवी कार्यकारिणी निवडावी लागेल. अध्यक्षपदासाठी एखादे नाव सुचवले की ती व्यक्ती तत्काळ हात जोडते, हे आपण सर्वजण जाणतो. कोणाची बदली व्हायची असते, कोणाची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली असते, कोणाला क्वार्टर सोडून नोएडाला किंवा पुण्याला जायचे असते. या सर्व कारणांच्या तळाशी मात्र एक वाक्य असते आणि ते आपल्या भाषेत फार नेमके आहे: "अहो, मी कोण लागून गेलो?"

आजचे माझे भाषण या एका वाक्यासंबंधी आहे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आळसापोटी ते उच्चारणारे थोडे. पुष्कळांच्या तोंडी ते खऱ्या भयातून येते. पन्नास वर्षे इतरांनी जपलेली वस्तू आपल्या हातून फुटली तर काय, हे ते भय होय. या भयाचा विचार करताना मला एक मराठी स्त्री आठवली आणि तिला आधार देणारे बायबलमधील एक वचन आठवले. आजचे हे व्याख्यान धर्मप्रचाराचे नाही, तसे ते कोणाच्या धर्मावरील टीकेचेही नाही. ज्या समाजात अर्जुनाच्या विषादाने एका महान ग्रंथाचा आरंभ होतो, त्या समाजाला कर्तव्याच्या उंबरठ्यावर गळून गेलेल्या माणसाची कथा परकी वाटू नये.

प्रथम 'वचन' या शब्दाकडेच पाहू. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. ग्रंथातील वाक्य तेही वचन आणि दिलेला शब्द तेही वचन. मराठी ख्रिस्ती समाजात बायबलच्या ओवीइतक्या लहान तुकड्यालाही वचन म्हणतात. वाचलेले वाक्य हा आपल्याला दिलेला शब्द आहे असे मानून एखाद्याने पाऊल उचलले, तर काय घडते, हे आपल्याला पाहायचे आहे.

बायबलमध्ये नेतृत्वाला घाबरलेल्या माणसांची मोठी परंपरा आहे. मिसर देशातील गुलामगिरीतून आपल्या लोकांना सोडवून आणण्याची आज्ञा मोशेला झाली, तेव्हा तो सासऱ्याची मेंढरे चारीत होता. त्याचा पहिला प्रश्न आपल्याच वाक्यासारखा होता: मी कोण, की मी हे करावे? लोक माझे ऐकणार नाहीत, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठवावे, असे एकामागून एक निमित्त तो पुढे करतो. गिदोन म्हणतो, माझे घराणे सर्वांत दुबळे आणि घरात मीच धाकटा. यिर्मया म्हणतो, मी तर अजाण पोर आहे, मला बोलता येत नाही. मोशेच्या मागून धुरा खांद्यावर आलेल्या यहोशवाला तर एकाच अध्यायात पुन्हा पुन्हा धीर धरायला सांगावे लागते.

या सर्व प्रसंगांत उत्तराचा रोख एकच आहे आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. "तू समर्थ आहेस, उगाच स्वतःला कमी लेखतोस," असे मोशेला कोणी सांगत नाही. त्याला सांगितले जाते ते इतकेच, की मी तुझ्याबरोबर असेन. म्हणजे 'मी कोण?' या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही. प्रश्न बाजूला ठेवला जातो आणि सोबतीचा शब्द दिला जातो. आपण मंडळात याच्या अगदी उलट करतो. संकोच करणाऱ्याची आपण स्तुती करतो, त्याच्या गुणांची यादी वाचतो. स्तुतीने तो बिचारा अधिकच घाबरतो. "आम्ही तुमच्याबरोबर आहोत" हे मात्र आपण फार क्वचित म्हणतो, आणि म्हटलेच तर हारतुरे संपेपर्यंतच ते खरे असते.

आता त्या मराठी स्त्रीकडे वळू. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळची रूढी मोडून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब हिंडत राहिले आणि दक्षिणेतील दुष्काळात १८७४ च्या सुमारास आईवडील अन्नान्नदशेत गेले. भावाबरोबर पायी हिंदुस्थान पालथा घालीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही. १८८२ मध्ये ते निवर्तले. कडेवर मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर अमेरिकेत हिंडून विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी मदत मिळवली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई या त्याच सदनाच्या विद्यार्थिनी, हे आपणापैकी अनेकांना ठाऊक असेल.

१८९३ मध्ये सदनावर मोठे संकट कोसळले. तेथील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते, असा आरोप झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. दोन्ही बाजूंना निष्ठावान माणसे होती आणि दोन्ही बाजूंना वेदना झाली. आपल्याला एवढेच पाहायचे आहे, की पुढील प्रसंग घडला तेव्हा रमाबाई यशाच्या शिखरावर नव्हत्या. त्यांच्यामागे समाज नव्हता, हाती पैसा मोजका होता आणि अमेरिकेतील साहाय्यक मंडळाने दिलेली दहा वर्षांची हमी १८९८ मध्ये संपायची होती.

अशा काळात, १८९६ चा दुष्काळ पडण्यापूर्वी, लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे प्रार्थना शिबिर भरले असताना रमाबाईंच्या मनात एक विलक्षण मागणी आली. सदनातील पंधरा मुली तेव्हा त्यांच्या श्रद्धेत सहभागी झाल्या होत्या. या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे त्या दोनशे पंचवीस व्हाव्यात, अशी प्रार्थना करावी असे त्यांना वाटले. सदनात त्या वेळी एकंदर मुलीच पन्नासच्या आत होत्या! बुद्धी सांगत होती की हे अशक्य आहे: जागा नाही, पैसा नाही, आणि नव्या मुली पाठवणार कोण? त्या घालमेलीत त्यांना यिर्मयाच्या ग्रंथाच्या बत्तिसाव्या अध्यायातील एक वचन आपल्यासाठीच उच्चारले जात आहे असे वाटले. सर्व देहधाऱ्यांचा ईश्वर स्वतःविषयी विचारतो, की मला अवघड असे काही आहे काय, असा त्या वचनाचा आशय आहे.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. हे वचन प्रश्नरूप आहे. ते "तुझे काम होईल" असे सांगत नाही. ते विचारते, आणि उत्तर ऐकणाऱ्यावर सोपवते. ज्या अध्यायात ते येते तो अध्याय उघडून पाहिला, म्हणजे या प्रश्नाचे वजन कळते.

प्रसंग असा आहे. बाबेलच्या राजाच्या सैन्याने यरुशलेम नगरीला वेढा घातला आहे. नगरी पडणार हे उघड आहे आणि यिर्मया संदेष्ट्याने ते राजाला तोंडावर सांगितल्यामुळे तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथ गावातले माझे शेत तू विकत घे. सारा मुलूख शत्रूच्या सैन्याने व्यापलेला असताना जमिनीचा सौदा! तरी यिर्मया ते शेत घेतो. सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, त्यावर मोहर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि एक मोहरबंद व एक उघडे असे दोन्ही कागद आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, की हे मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे यांची खरेदी-विक्री होईल, असा शब्द त्याला मिळाला होता.

व्यवहार पुरा झाल्यावर मात्र त्याच्या मनात कालवाकालव होते. तो प्रार्थनेस बसतो. ईश्वराला काहीच अवघड नाही, असे तो आरंभी स्वतःच म्हणतो. पण शेवटी तोच विचारू लागतो, की वेढ्याचे मोर्चे भिंतीला भिडले आहेत आणि मला शेत घ्यायला सांगतोस, हे काय? तेव्हा त्याचेच वाक्य प्रश्न होऊन त्याच्याकडे परत येते: मला अवघड असे काही आहे काय? ओठांवर असलेली श्रद्धा त्याच्यासमोर पुन्हा ठेवली जाते, ती हातांत उतरली आहे की नाही हे पाहण्यासाठी. आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्याने आधीच देऊन ठेवलेले असते. सतरा शेकेल तोलले गेले होते. भीती गेल्यावर त्याने शेत घेतलेले नव्हते. शेत घेतल्यावरही भीती होतीच.

रमाबाईंचेही असेच घडले. पुढे फळबागेचे उत्पन्न यावे म्हणून पुण्यापासून सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. भाग कमी पावसाचा, माळरानाचा. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतील बातम्या वाचून त्यांना आपल्या आईवडिलांचे अखेरचे दिवस आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांच्या आणि छावण्यांच्या आसपास अनाथ मुली आणि तरुण विधवा यांची जी विटंबना त्यांनी पाहिली, ती पाहून तीनशे मुलींना सोडवण्याचा निश्चय त्यांनी केला. हाती पैसा होता तो जेमतेम पन्नास मुलींच्या पोटापुरता.

मुलींचे तांडे पुण्यास येऊ लागले तोच शहरात प्लेग पसरला होता आणि सदनात नव्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा त्यांना केडगावच्या माळावर नेण्यात आले. आरंभी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग पक्क्या इमारती. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदनाचे विधिवत उद्घाटन झाले. फळांसाठी घेतलेल्या जमिनीत माणसे रुजली. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील रहिवाशांची संख्या दीड हजारांवर गेली. शेती, गुरे, विणकाम, शिवण, छापखाना असे उद्योग तेथे उभे राहिले आणि त्यांतील बहुतेक कामे स्त्रियाच करीत. आजही केडगावला ती संस्था काम करीत आहे.

ही केवळ यशाची कहाणी म्हणून सांगितली तर ती अर्धी सांगितली असे होईल. आणलेल्या मुलींपैकी कित्येक इतक्या खंगलेल्या होत्या की त्या वाचल्या नाहीत. समाजाचा दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही. ज्या लेकीने आईचे काम पुढे चालवावे अशी सर्वांची अपेक्षा होती, ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंनी वृद्धापकाळापर्यंत हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याची मुद्रिते तपासण्याचे काम हातावेगळे करून त्या ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. छापून झालेला ग्रंथ त्यांना पाहता आला नाही. वचनाने त्यांना सुखाची हमी दिली नव्हती. पुढचे पाऊल टाकण्यापुरते बळ मात्र प्रत्येक वेळी मिळत गेले.

बंधुभगिनींनो, यावरून मला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट अशी, की वचनाचा आधार हिशेबातून सूट देत नाही. ईश्वराची आज्ञा झाली म्हणून यिर्मयाने तराजू बाजूला ठेवला नाही. त्याने रुपे तोलले, कागद केला, साक्षीदार बसवले. "देव माझ्याबरोबर आहे" किंवा "लोक माझ्याबरोबर आहेत" असे म्हणत जो पुढारी वही दाखवण्याचे टाळतो, त्याने वचनाचा आधार घेतलेला नसून त्याची ढाल केलेली असते. आपल्या मंडळाची वर्गणी, पावत्या, गणेशोत्सवाचा जमाखर्च हे आपले सतरा शेकेल आहेत. ते चारचौघांत तोलले गेले पाहिजेत.

दुसरी गोष्ट ही, की रमाबाईंनी मागितले ते स्वतःसाठी नव्हते. पंधरांचे दोनशे पंचवीस व्हावे, या मागणीत प्रत्येक आकड्यामागे एक मुलगी होती. स्वतःच्या नावलौकिकाची चिंता करणाऱ्याला 'मी कोण?' हा प्रश्न जन्मभर सोडत नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याची गरज उभी राहते, त्याला तो प्रश्न विचारायला सवडच मिळत नाही. मंडळाचा विचार करताना आपल्या कर्तृत्वाचे माप काढत बसण्यापेक्षा नुकत्याच बदली होऊन आलेल्या, हिंदी धड न येणाऱ्या, सेक्टर कोणता आणि भाजीबाजार कोठे हे विचारत फिरणाऱ्या एखाद्या नवख्या कुटुंबाचा विचार करावा. घरात मराठी ऐकणाऱ्या पण वाचू न शकणाऱ्या नातवंडांचा विचार करावा. उतारवयात एकट्या राहिलेल्या आजींचा विचार करावा, ज्यांच्याशी दिवसभरात मराठीत कोणी बोलत नाही. म्हणजे भय जाणार नाही, पण त्याला बसायला जागा उरणार नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यिर्मयाने विकत घेतलेल्या शेताचे पीक त्याला मिळाले नाही. नगरी पडली, लोक बंदिवासात गेले, आणि खुद्द त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध मिसर देशात नेण्यात आले. तो कागद मातीच्या भांड्यात ठेवला गेला तो पुढे येणाऱ्यांसाठी. आर. के. पुरममध्ये राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारी वसाहतीत आपण जे जे लावतो ते दुसऱ्यासाठीच असते. क्वार्टरच्या अंगणात लावलेल्या मोगऱ्याची फुले पुढच्या कुटुंबाच्या देवाला वाहिली जातात. शेवग्याला शेंगा धरतात तोवर आपल्या हाती बदलीचा हुकूम पडलेला असतो. याच वसाहतीतील टेकडीवर दाक्षिणात्य बांधवांनी मलै मंदिर उभारले; १९७३ मध्ये तेथे मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्यासाठी वर्गणी गोळा करीत दारोदार हिंडलेल्यांपैकी कित्येकजण निवृत्त होऊन केव्हाच गावी परतले असतील, पण सायंकाळच्या पूजेची घंटा आजही वाजते. तात्पुरत्या पत्त्यावर राहणाऱ्या माणसांनी कायमच्या गोष्टी केल्या आहेत. आपले मंडळही अशाच तात्पुरत्या पत्त्यांनी पन्नास वर्षे उभे ठेवले.

म्हणून बदली, निवृत्ती, क्वार्टर सोडणे ही कारणे खरी असली तरी पुरेशी नाहीत. वेढा पडल्यावर शेत घेणाऱ्यापुढे ती मांडायची झाली तर मान खाली घालावी लागेल. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पहिली पावती फाडली, त्यांनाही पुढच्या वर्षी आपण दिल्लीत असू की नाही याची खात्री नव्हती.

आपल्यापैकी प्रत्येकाचे श्रद्धास्थान निराळे असेल. कोणाला विठ्ठलाच्या पायी आधार मिळेल, कोणाला गीतेत, कोणाला बायबलात. कोणाला ग्रंथाची गरज भासणार नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला माणुसकीचा विश्वासच पुरेल. आधार कोठलाही असो, तो खरा असेल तर एक दिवस प्रश्न होऊन समोर उभा राहतो आणि कृतीने उत्तर मागतो. रमाबाईंना तो प्रश्न लोणावळ्याला विचारला गेला आणि त्यांनी केडगावच्या माळावर उत्तर दिले.

येत्या सभेत कोणाचे तरी नाव सुचवले जाईल. ती व्यक्ती कदाचित या क्षणी या सभागृहातच बसली असेल आणि मनात म्हणत असेल, मी कोण लागून गेलो. त्या व्यक्तीला माझी विनंती आहे, की त्या प्रश्नाचे उत्तर शोधत बसू नये. आणि आपणा सर्वांना माझी विनंती आहे, की त्या व्यक्तीची स्तुती करू नये. नाव सुचवणाऱ्याने त्याच सभेत, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने, स्वतः कोणते काम अंगावर घेणार ते सांगावे. कोणी वर्गणीचे सांगावे, कोणी बालवर्गाचे, कोणी आजारी सभासदांना भेटण्याचे. सोबतीचा शब्द असा द्यावा, की तो लिहून, साक्षीदारांसमक्ष, भांड्यात जपून ठेवता येईल. मग संकोच करणाऱ्याचा हात आपोआप खाली येईल, असा मला विश्वास आहे.